पणजीतला डिसेंबरचा कला-आठवडा: कसा बघायचा, कुठून सुरुवात करायची

डिसेंबर जवळ आला की मला फोन यायला लागतात, यंदा कधी जातेस, आम्हाला पण सांग, आणि लगेच पुढचं वाक्य ठरलेलं, "पण आमका त्यातलं कळना गे." मी फोंड्याची, शाळेत मराठी शिकवते, चित्रकलेचं कसलंही शिक्षण घेतलेलं नाही. २०१६ च्या डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल सुरू झालं तेव्हापासून, मधली कोविडची वर्षं सोडली तर, दर वर्षी जाते, कधी एकटी, कधी आईला घेऊन, कधी शेजारच्या काकी आणि त्यांच्या नातवंडांना घेऊन. दर वेळी फोनवर तेच तेच सांगते म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहून काढलंय. बाहेरून गोव्यात येणाऱ्यांनाही उपयोगी पडेल, पण खरं तर हे डिचोली, साखळी, वाळपई, काणकोणहून कदंबाच्या बसने पणजीत येणाऱ्या आपल्या माणसांसाठी आहे, कारण हॉटेलात राहून आठ दिवस निवांत बघायची सोय आपल्याला नसते, आपल्याला एक किंवा दोन दिवसांत बघून रात्री घर गाठायचं असतं.

आधी त्या "कळना"बद्दल

हे पहिल्यांदा लिहिते, कारण हे डोक्यातून गेलं नाही तर पुढचं सगळं फुकट.

चवथीला आपण दुसऱ्यांच्या घरी जातो तेव्हा गणपतीच्या आधी नजर वर जाते, माटोळीकडे, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीकडे. नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, कवंडळं, कांगलां, तोरिंजन, रानातून कोणी काय शोधून आणलंय, कसं बांधलंय, यंदा काय नवीन आहे, रंग कसे जुळवलेत. आपण मान वर करून पाच मिनिटं बघतो, मग विचारतो, हे फळ कुठलं रे, कुठल्या डोंगरावर मिळालं. माटोळीचा अर्थ काय असं कोणी दारातच विचारत नाही. आधी बघतो, मग विचारतो, मग घरी जाताना आपापसात बोलतो की त्यांची बरी होती पण बांधणी घट्ट नव्हती. कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेतल्या माटोळ्या बघितल्या असतील तर माहीतच आहे, लोक फळाबियांतून अख्खी चित्रं उभी करतात. आणि दीड दिवसाने, पाच दिवसांनी ती उतरते, संपली.

मांडणशिल्प म्हणतात, इन्स्टॉलेशन म्हणतात, ते याहून वेगळं काही नाही. एका जागेसाठी, काही दिवसांसाठी, वस्तू विचार करून मांडलेल्या. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे बघत गावभर फिरणारा माणूस, शिगम्याच्या चित्ररथांना रात्री बारापर्यंत रस्त्यावर उभा राहणारा माणूस, त्याला हे बघता येत नाही असं मी मानायला तयार नाही. बघायची सवय आपल्याकडे आहेच, फक्त फेस्टिव्हलची प्रदर्शनं असतात त्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, जुन्या इमारतीत शिरताना ती दाराबाहेर ठेवून आत जायची नाही.

तारीख आणि दिवस कसा निवडायचा

फेस्टिव्हल डिसेंबरच्या मध्यावर असतं. २०२४ ला १५ ते २२ डिसेंबर होतं, २०२५ ला दहावं वर्ष होतं म्हणून जरा लांब, १२ ते २१ डिसेंबर. तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून त्यांच्या वेबसाइटवर नजर ठेवा. म्हणजे इफ्फी, आपला चित्रपट महोत्सव, नोव्हेंबरात संपतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, ८ ला पणजीच्या चर्चचं फेस्त, आणि त्या पाठोपाठ हे. १९ डिसेंबर मुक्तिदिन, सुट्टी, त्या दिवशी घरचे सगळे मोकळे असतात हे खरं पण गर्दीही तशीच असते.

माझा सल्ला, जमत असेल तर मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार घ्या, एक रजा टाकावी लागली तरी टाका. शनिवार-रविवारी संध्याकाळी मांडवीच्या काठचा तो दयानंद बांदोडकर मार्ग गाड्यांनी तुंबलेला असतो आणि आत प्रत्येक कलाकृतीसमोर सेल्फी काढणाऱ्यांची रांग, शांतपणे उभं राहताच येत नाही. अगदी पहिला दिवसही मी टाळते, काही मांडण्या तेव्हा पूर्ण व्हायच्या असतात. आणि शेवटच्या दिवसावर ठेवू नका, ज्यांनी आठवडाभर "उद्या जाऊ" म्हटलेलं असतं ते सगळे त्या दिवशी येतात.

नोंदणी आणि कार्यक्रम वाचणं

प्रवेश मोफत आहे, पण नाव ऑनलाइन नोंदवावं लागतं. हे घरी बसून, वायफायवर, सगळ्यांचं एकदम करून टाका, दारात उभं राहून म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर ओटीपी शोधत बसणं फार त्रासाचं होतं. नोंदणीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. काही कार्यशाळांना जागा मर्यादित असतात आणि त्यांची वेगळी नोंदणी असते, ती लवकर भरते, मुलांना मातीकाम, छपाई असलं काही करायला मिळावं असं वाटत असेल तर कार्यक्रम जाहीर झाल्या दिवशीच बघा.

आता तो कार्यक्रम. उघडला की घाबरायला होतं, दृश्यकला, हस्तकला, फोटोग्राफी, नाटक, नाच, संगीत, खाद्यसंस्कृती, प्रत्येकाचा वेगळा क्युरेटर, म्हणजे त्या विभागात काय दाखवायचं आणि कुठे मांडायचं हे ठरवणारा माणूस. सगळं बघायचं म्हणाल तर आठ दिवसही पुरत नाहीत. मी काय करते सांगते. वहीत तीनच गोष्टी लिहिते. एक प्रदर्शन जे काही झालं तरी बघायचंच. एक संध्याकाळचा कार्यक्रम. आणि एक अशी गोष्ट जिच्याबद्दल मला काहीच माहीत नाही, नावही ऐकलेलं नाही. बाकी वाटेत जे भेटेल ते. पहिल्या वर्षी मी एका दिवसात अकरा ठिकाणं केली होती, पाय सुजले आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधे कोणी विचारलं काय बघितलंस तर मला एकही गोष्ट नीट सांगता येईना, त्याचं मला फार वाईट वाटलं होतं, तेव्हापासून तीनचा नियम.

प्रदर्शनं दिवसभर उघडी असतात, नाटक-संगीत ठरलेल्या वेळी. म्हणून आधी वेळेचे कार्यक्रम कागदावर पक्के करा, प्रदर्शनं त्यांच्या आजूबाजूला बसवा.

जागा कुठे कुठे आणि चालायचं कसं

ठिकाणं वर्षानुवर्षं थोडी बदलतात, नवीन इमारती येतात, कधी एखादी बंद असते, पण बहुतेक सगळं मांडवीच्या काठाने पसरलेलं असतं. पूर्वेच्या टोकाला आदिलशहाचा राजवाडा म्हणजे जुनं सचिवालय, मधे जुनं गोमेकॉ, आणि पश्चिमेला कांपालचा भाग, आर्ट पार्क, मैदानं, कला अकादमी. राजवाड्यापासून कला अकादमीपर्यंत साधारण दोन किलोमीटर, नदीकाठाने सरळ रस्ता.

आता एक युक्ती जी मला तीन-चार वर्षं कळली नव्हती. आपण पाटोच्या बसस्टँडवर उतरतो आणि साहजिकच जवळ म्हणून राजवाड्यापासून सुरुवात करतो, आणि मग दुपारी तीन-चारला कांपालकडे चालताना ऊन सरळ तोंडावर येतं, आणि शेवटी दमलेलो असताना बसस्टँड सगळ्यात लांब राहतो. उलट करा. स्टँडवरून मिरामार-दोनापावलची बस धरा किंवा पायलट करा (बाहेरच्या वाचकांसाठी, पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या रंगाची मोटरसायकल टॅक्सी, मागे बसायचं, एकट्या माणसाला सगळ्यात सोयीची, भाडं आधी ठरवा), आधी कला अकादमीला उतरा आणि तिथून परत स्टँडच्या दिशेने बघत बघत या. ऊन पाठीवर, नदी डाव्या हाताला, आणि संध्याकाळी जिथे पोचता तिथून बस पंधरा मिनिटांवर. फक्त तुमचा रात्रीचा कार्यक्रम कांपालच्या मैदानावर असेल तर मग राजवाड्यापासूनच सुरू करा आणि दुपारचा तो टप्पा बसने काढा.

स्वतःची गाडी आणत असाल तर पाटोच्या बहुमजली पार्किंगमधे लावा आणि विसरा, शहरात जागा शोधत फिरण्यात तास जातो. बार्देशहून येणाऱ्यांना बेतीहून फेरीबोट, चालत चढणाऱ्याला तिकीट नाही, उतरलं की समोरच रस्ता. रेल्वेने येणाऱ्यांनी करमळीला उतरावं, मडगावपेक्षा ते पणजीला खूप जवळ. परतीची शेवटची शटल बस किती वाजता हे सकाळी उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून घ्या, रात्री नको, सकाळीच, कारण संध्याकाळचा कार्यक्रम कुठल्या क्षणी सोडून उठायचं हे त्यावर ठरतं.

इमारतीही बघा

कला अकादमीची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी आखलेली, १९८३ ला पूर्ण झाली, तिथे मुख्य रस्त्यावरून शिरून छपराखालून थेट नदीपर्यंत चालत जाता येतं, मधे दार असं लागत नाही, ते एकदा मुद्दाम चालून बघा. राजवाडा मूळ आदिलशाही, पोर्तुगीजांनी घेतला, मुक्तीनंतर सचिवालय आणि विधानसभा तिथेच, २००० साली विधानसभा पर्वरीला गेली. त्या खोल्यांतून एकेकाळी फायली फिरत होत्या, आता भिंतींवर फोटो लागतात. राजवाड्याच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, १९४५ चा, संमोहनशास्त्रातलं मोठं नाव, आणि तो घडवला आमच्या फोंडा तालुक्यातल्या मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी. आपण बसमधून शंभरदा बघितलेला असतो पण त्याच्याभोवती पूर्ण गोल फिरून कधी बघत नाही. फिरा. समोरून त्याचे पुढे आलेले हात दिसतात, बाजूला सरकलात की त्याच्या संमोहनाखाली कोसळणारी बाई दिसायला लागते, आणि दर दोन पावलांवर दोघांमधलं अंतर बदलतं. शिल्प बघायची सवय लावायला याहून चांगली जागा पणजीत नाही, आणि ती वर्षभर उघडी आहे.

आणि जुनं गोमेकॉ. १८४२ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेलं वैद्यकीय विद्यालय, पुढे गोवा मेडिकल कॉलेज, नंतर ते बांबोळीला गेलं. माझा जन्म इथला. २००७ साली रणजित होस्कोटे यांनी 'अपरांत' नावाचं गोव्याच्या समकालीन कलेचं प्रदर्शन याच इमारतीत मांडलं होतं, म्हणजे या भिंतींना चित्रांची सवय फेस्टिव्हलच्या आधीपासूनची. आईला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा ती एका खोलीत शिरली आणि मधोमध मांडलेल्या कलाकृतीकडे न बघता सरळ खिडकीशी गेली, बाहेर बघितलं, मागे वळून खोली मापली आणि म्हणाली, खाट इथे होती, ऊन इथपर्यंत येई. मग ती वळली आणि ती कलाकृती तिने फार वेळ बघितली, माझ्यापेक्षा जास्त. मी काही विचारलं नाही. तेव्हा मला कळलं की जुन्या इमारतीत मांडलेली गोष्ट त्या इमारतीसकट बघायची असते, पांढऱ्या गॅलरीत तीच गोष्ट वेगळी दिसली असती.

इथे एक व्यवहाराची गोष्ट, पाय ताजे असताना आधी वरचा मजला करा, जिने जुने आहेत, खालचा मजला दमल्यावरही होतो.

एका कलाकृतीसमोर नेमकं करायचं काय

हे मी नातवंडांना, म्हणजे काकींच्या, समजावता समजावता माझ्यासाठीच तयार केलेलं आहे.

आत शिरल्यावर बाजूची पाटी वाचू नका. पहिली दोन मिनिटं नुसतं बघा, फोन खिशात. काय काय वस्तू आहेत ते मनात मोजा, लाकूड आहे, सूत आहे, जुनी दारं आहेत, आवाज कुठून येतोय, वास येतोय का. मग जागा बदला. लांबून, जवळून, वाकून, शक्य असेल तर पूर्ण फेरी. मोठ्या मांडण्यांची मागची बाजू बघायला विसरू नका, बांधलंय कसं, टांगलंय कशावर, ते कळलं की अर्धी गोष्ट कळते.

मग पाटी. तिच्यावर कलाकाराचं नाव, कृतीचं नाव, साल, माध्यम असतं. माध्यमाची ओळ सगळ्यात आधी वाचा, लोक नेमकी तीच सोडतात. "मिश्र माध्यम" एवढंच असेल तर काही हाती लागत नाही, पण "मीठ, लोखंड, मासेमारीचं जाळं" असं असेल तर तिथून विचार चालू होतो, मीठच का, गंजणार म्हणून का, आपल्या मिठागरांशी याचा काही संबंध लावता येतो का. भिंतीवरचं मोठं लिखाण सगळ्यात शेवटी. ते पुष्कळदा जड असतं आणि इंग्रजीत असतं, तिथे अडलात तर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करून घ्या, नाहीतर पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा आणि पुढे चला, परीक्षा नाही आहे.

आणि मग विचारा. प्रत्येक दालनात व्हॉलंटियर असतात, त्यात गोव्यातली कॉलेजची मुलं बरीच, कोकणी-मराठीत बिनधास्त बोला. त्यांना दिवसभर बाथरूम कुठे एवढंच विचारतात लोक, कलाकृतीबद्दल विचारलं की त्यांचा चेहरा खुलतो. पण "याचा अर्थ काय" असं विचारू नका. आमच्या काकींनी एकदा बांबूच्या विणकामासमोर एका मुलीला विचारलं, हे कोणी विणलं, किती दिवस लागले, बांबू ओला असताना विणला की सुका. काकींनी आयुष्यभर सूप आणि रोवळी हाताळलीय, त्यांना माहीत होतं काय विचारायचं. ती मुलगी पळत जाऊन आतल्या माणसाला घेऊन आली आणि आम्ही वीस मिनिटं बांबूवर बोलत होतो. त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं ते वीस मिनिटं. कोणी केलं, कशाने केलं, किती वेळ लागला, हे तीन प्रश्न कुठेही चालतात.

व्हिडिओ असेल तर दारावर किती मिनिटांचा आहे ते बघा किंवा विचारा. सहा-सात मिनिटांचा असेल तर सुरुवातीपासून पूर्ण बघा, चाळीस मिनिटांचा असेल तर दहा मिनिटं बसा आणि आवडला तर परत या. उभ्याउभ्या अर्धं मिनिट बघून "काय नाही त्यात" म्हणून बाहेर पडणारे खूप, त्यात बिचाऱ्या व्हिडिओचा दोष नसतो. अंधाऱ्या खोलीत शिरताना उंबऱ्याशी जरा थांबा, डोळे स्थिरावू दे, म्हाताऱ्या माणसांचा हात धरा.

अमूर्त चित्रासमोर, जिथे नुसते रंग आहेत, लोक सगळ्यात जास्त अवघडतात. मला अमूर्त चित्र पहिल्यांदा जवळचं वाटलं ते वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांची छायाचित्रं बघत बसले तेव्हा. गोव्यातल्या घराण्यातला माणूस, जन्म १९२४ चा, आणि त्याच साली साळगावला जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा. सोझांनी १९४७ ला मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला, गायतोंडे नंतर त्यात आले. सोझांची चित्रं अंगावर येतात, गायतोंड्यांची चित्रं पहाटेच्या धुक्यात नदीकाठी उभं राहिल्यासारखी. मांडवीवर सकाळी सातला धुकं बघताना आपण अर्थ शोधत नाही, डोळे हळूहळू त्यात शिरू देतो. अमूर्तासमोर तसंच करा, जरा जास्त वेळ उभं राहा, बस.

आणि नाही आवडलं तर नाही आवडलं. पण का नाही आवडलं ते एक वाक्य स्वतःला सांगून मगच हला. "उगाच मोठं केलंय", "हे मी आधी बघितलंय", "बारकावे नाहीत", काहीही, पण एक वाक्य. हे केल्यावर पुढच्या दालनात नजर तिखट होते, बघाच करून.

हात लावू नका हे सांगायला नको, पण काही कृती मुद्दाम हात लावण्यासाठी, आत शिरण्यासाठी केलेल्या असतात, तसं लिहिलेलं नसेल तर विचारा. काही वर्षांत दृष्टी नसलेल्या लोकांसाठी स्पर्शाने बघता येतील अशा कृती होत्या, घरात कोणी असेल तर त्या वर्षी काय सोय आहे ते आधी चौकशी करून या. फोटो काढा पण फ्लॅश बंद, आणि दुसरं कोणी बघत उभं असेल तर त्याच्या आणि कलाकृतीच्या मधे जाऊ नका.

मुलं, म्हातारी माणसं, खाणं

मुलांना एका वेळी एक तासाच्या वर आत ठेवू नका. तास झाला की नदीकाठी किंवा कांपालच्या बागेत सोडा, मग परत. लहान वही आणि पेन्सिल द्या, आवडलेली एक गोष्ट काढायला सांगा. आमच्याकडच्या धाकट्याने गेल्या खेपेला एकाच कोपऱ्यातली एक खिडकी काढली, कलाकृती काढलीच नाही, मी काही बोलले नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी दोन जागा पुरे. बसायला कुठे मिळेल ते आधी बघून ठेवा, आणि दुपारी बारा ते तीन ऊन कडक असतं, डिसेंबर असला तरी पारा तिशीच्या वर जातो, तेव्हा त्यांना आतल्या दालनांतच ठेवा. रात्री मैदानावर दंव पडतं, कानटोपी आणि शाल पिशवीत असू दे. सपाट चपला, पाण्याची बाटली, पॉवर बँक, एवढंच सामान.

खायला फेस्टिव्हलच्या आत स्टॉल असतात आणि खाद्यविभागात बघण्यासारखं, शिकण्यासारखं पुष्कळ असतं, तिथे जा, पण पोटभर जेवायला मी बाहेर पडते. सकाळी उतरल्यावर कॅफे भोसलेत भाजी-पाव, मिक्स, बरोबर मिरची आणि चहा. दुपारी जवळच्या खानावळीत शीतकडी, म्हणजे भात आणि माशाची कढी, एकच्या आधी शिरा म्हणजे जागा मिळते. रात्री उशीर झाला तर गाड्यावरचं रस-ऑम्लेट, गरम गरम, पाव बुडवून. कला बघताना भूक फार लागते हा माझा अनुभव, पोट रिकामं असलं की कुठलीच गोष्ट धड दिसत नाही.

संध्याकाळचे कार्यक्रम

इथे एकच नियम, लवकर जा. नोंदणी असली तरी सभागृहात जागा आधी येणाऱ्याला मिळते, नाव मोठं असेल तर पाऊण-एक तास आधी रांगेत. मैदानावरच्या संगीताला तेवढी घाई नाही. नाटक सुरू झाल्यावर दार बंद होतं, मधे सोडत नाहीत, म्हणून आधीच्या प्रदर्शनातून निघायची वेळ फोनवर अलार्म लावून ठेवा. सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा पंधरा मिनिटं काही न बघता मांडवीच्या कठड्याशी उभं राहा, दिवसभराचं सगळं जरा खाली बसतं.

दुसरा दिवस मिळाला तर

दुसरा दिवस मिळाला तर नवीन जागांआधी काल जे सगळ्यात आवडलं तिथे परत जा. हे ऐकून सगळे नाराज होतात, एवढं राहिलंय आणि परत तेच, पण माझ्यावर विश्वास ठेवा, दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय ती गोष्ट आपली होत नाही. काल गर्दीत जे दिसलं नव्हतं ते आज दिसतं, आणि कधी कधी उलट होतं, काल डोळे दिपले होते ते आज फिकं वाटतं, तेही कळायला हवं.

मग आल्तिनोवर चढा. तिथे सुनापरान्त आहे, दत्तराज आणि दीप्ती साळगावकर यांनी २००९ ला सुरू केलेलं कला केंद्र, जुना बंगला, झाडं, मधलं अंगण, प्रदर्शनं वर्षभर चालू असतात. त्याच टेकडीवर १९७२ चं गोवा कला महाविद्यालय, चित्रकार लक्ष्मण पै तिथे प्राचार्य होते. उतरताना मळा भागातून फोंतेन्हासच्या जुन्या वस्तीत या, फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या घरात आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद यांची चित्रं आहेत, १८७० ते १९३५, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधे शिकलेले आणि तिथेच शिकवलेले गोमंतकीय. समकालीन गोष्टी दोन दिवस बघून डोळे शिणले की त्रिंदादांची माणसं, त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड बघताना फार बरं वाटतं, आणि आजचे लोक कशापासून दूर गेले आणि काय बरोबर घेऊन गेले हेही दिसतं. वाटेत आझाद मैदानासमोर मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीच्या प्रवेशदालनातल्या निळ्या टाइल्स बघा, पोर्तुगीज महाकाव्यातली दृश्यं आहेत, दहा मिनिटं पुरतात.

गाडी असेल तर पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत म्युझियम ऑफ गोवा आहे, सुबोध केरकर यांचं, २०१५ पासून. केरकर आधी डॉक्टर होते. समुद्र, शिंपले, होड्या, मिरची, गोव्याचा इतिहास या सगळ्यातून केलेल्या गोष्टी तिथे आहेत, तिकीट आहे, पण मुलांना घेऊन जायला मला ती जागा सगळ्यात आवडते, कारण तिथली प्रत्येक वस्तू त्यांच्या ओळखीची असते आणि तरी वेगळी झालेली असते.

घरी गेल्यावर

परतीच्या बसमधे आमचा एक खेळ असतो, प्रत्येकाने दिवसातली एकच गोष्ट सांगायची, नाव न घेता, नुसतं वर्णन करून, आणि बाकीच्यांनी ओळखायचं कुठली. रायबंदर येईपर्यंत सगळी बस ऐकत असते. घरी पोचल्यावर त्याच रात्री वहीत कलाकारांची दोन-तीन नावं लिहून ठेवा, पाटीचा फोटो काढलेला असला तरी हाताने लिहा, फोनमधले फोटो आपण परत उघडत नाही. मग जानेवारीत कधीतरी ती नावं शोधा, बाकीचं काम बघा. मागच्या वर्षी काकींनी त्या बांबूवाल्याचं नाव माझ्याकडून दोनदा लिहून घेतलं, एक स्वतःच्या डायरीत आणि एक फ्रीजवर, आणि या वर्षी नोंदणी कधी सुरू होते ते मला विचारायचा पहिला फोन त्यांचाच होता.